फ्रिजच्या दारातली बाटली

आमच्या घरमालकांच्या दुकानात सगळ्या प्रकारचा डिंक होता, पण मागितला आणि मिळाला असं कधी व्हायचं नाही. शिवाजी पेठेतल्या एका बोळात खाली त्यांचं हार्डवेअरचं दुकान, वर त्यांचं घर आणि त्या घराच्या टोकाला माझी भाड्याची खोली. कामावर जाताना मी दुकानातूनच बाहेर पडायची, त्यामुळे गिऱ्हाइकांचे हाल मी रोज बघायची. कुणी येऊन डिंक मागितला की मालक चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, काय मोडलंय. कपाचा कान, बुटाचा तळ, देव्हाऱ्याची कड, जे असेल ते सांगायचं. मग विचारायचे, कुणी मोडलं. याचं उत्तर बहुतेक लोक टाळायचे. तिसरा प्रश्न ठरलेला होता. एक बाटली काउंटरवर ठेवून ते म्हणायचे, "ह्यो जगाला चिकटतोय. मग सोताच्या बाटलीला आतनं का चिकटत न्हाय?"

लोकांना कामाची घाई असायची, पण मालक उत्तर घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. कुणी म्हणे कंपनीवाले बाटलीला आतून तेल लावतात. कुणी म्हणे प्लास्टिक गुळगुळीत असतं. पलीकडच्या तालमीचे वस्ताद एकदा म्हणाले, सोताच्या घरात कोण ताकद दाखवतंय व्हय. कोपऱ्यावरचा एक रिक्षावाला होता, त्याचं एकच उत्तर असायचं, झाकण हाय म्हणून. मालक त्याला सांगायचे की तू जवळ आलायस, पण आत यायचं दार तुला सापडलेलं नाही. खरं उत्तर ते कुणालाच सांगत नसत. मग मोडलेली वस्तू घरी जाऊन धुवा, उन्हात वाळवा आणि उद्या या, एवढं सांगून बाटली परत फळीवर ठेवायचे. अर्धी गिऱ्हाइकं चिडून नाक्यावरच्या दुकानात जायची आणि त्यातली काही दुसऱ्या दिवशी बोटं एकमेकांना चिकटलेली घेऊन याच दारात यायची.

मला अशा माणसांचा राग येतो. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं सांगून मोकळं व्हावं, लोकांना काउंटरवर उभं करून परीक्षा कसली घ्यायची? मी खोली बघायला आले त्या दिवशी मलाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. मी गडहिंग्लजहून एसटीनं आलेली, राजारामपुरीत दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नुकतीच लागलेली, सकाळपासून चार जागी नकार ऐकून वैतागलेली. मी सरळ म्हटलं, "मला खोली पाहिजे, डिंक नको." ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, पोरगी खोटं बोलायची नाही, हिला किल्ली द्या. हे ते कुणाला म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही, कारण दुकानात आम्ही दोघंच होतो. मग जिन्यावरून एक किल्ली खाली आली, दोरीला बांधून सोडलेली. वर अक्का होत्या.

अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. निपाणीकडे दिलेली, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. आई लवकर गेल्यामुळे मालकांना लहानपणी अक्कांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. हे सगळं मला शेजारच्या वहिनींनी सांगितलं, कारण त्या दोघांकडून काही कळण्याची सोय नव्हती. ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. एका स्वयंपाकघरात जेवायची, एका नळाचं पाणी भरायची, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही.

कारण बरणीचं होतं. त्यांच्या आईची चिनी मातीची लोणच्याची बरणी मालकांच्या धक्क्यानं पडली आणि दोन तुकडे झाले. त्यांनी ती अशी जोडली की सांधा शोधून सापडू नये, आणि काही न बोलता फळीवर ठेवून दिली. अक्कांनी तिच्यात वर्षाचं लिंबाचं लोणचं घातलं. पावसाळ्यात झाकण काढलं तर लोणच्याला डिंकाचा वास. सगळं लोणचं मागच्या परड्यात ओतावं लागलं. तेव्हा अक्का शेजारपाजाऱ्यांच्या देखत म्हणाल्या की गावाचं जोडायला बसलाय, घरातली बायको काय जोडून ठेवता आली नाही. मालकांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच बेळगावला माहेरी गेली ती परत आली नव्हती. मालकांनी बरणी उचलली, खाली दुकानात नेऊन ठेवली आणि त्या दिवसापासून अक्कांशी बोलणं बंद केलं. बरणीत ते मोजपट्ट्या आणि फूटपट्ट्या उभ्या ठेवायचे. मी तिचा सांधा हात लावून बघितला आहे. तो कुठंही सुटलेला नव्हता.

आता घर म्हटलं की बोलावं तर लागतंच. गॅस संपला, दूधवाला आला नाही, कुणाचं लग्न निघालं. माझ्याआधीच्या भाडेकरूनं हे काम केलं होतं, माझ्या वाट्याला ते खोलीबरोबरच आलं. अक्का भाकरी थापता थापता म्हणायच्या, "पोरी, त्याला सांग, पीठ संपलंया." ते तिथंच, हाताच्या अंतरावर, पाटावर जेवत बसलेले. मी मालकांकडे वळून म्हणायची, पीठ संपलंय म्हणे. मालक घास गिळून म्हणायचे, "ताई, त्यांना सांगा, सांच्याला आणतो." मी परत वळायची. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं. जेवताना त्या खोलीत इतकं काही न बोललेलं साचलेलं असायचं की भांड्याला भांडं लागलं तरी मी दचकायची. मी नसले तर निरोप अडून राहायचे. एकदा मी दोन दिवस सुट्टीवर होते, तर परत येईपर्यंत गळका नळ तसाच, खाली बादली लावलेली, आणि दोघंही माझी वाट बघत.

फ्रिजमध्येसुद्धा सीमा आखलेली होती. वरचे दोन कप्पे अक्कांचे, खालचा भाजीचा कप्पा मालकांचा. त्यांच्या कप्प्यात भाजी नसायची. एक स्टीलचा डबा असायचा, त्यात कोरडे तांदूळ आणि तांदळांत खुपसून ठेवलेल्या, तोंड फोडून उघडलेल्या ग्लूच्या बाटल्या. सुताराचा पांढरा डिंक नव्हे, थेंबभर लावला की दाबून धरायच्या आत धरतो तो. दुकानाच्या पुढच्या भागावर पत्रा, उन्हाळ्यात आत भट्टी. उघडलेला ग्लू तिथं चार दिवसांत घट्ट होतो म्हणून ते वर आणून ठेवायचे. आणि त्यांची आणखी एक खोड होती. बाटली फोडली की आधी तिचं लेबल ओलं करून खरवडून काढायचे. लेबल वाचलं की माणूस डोकं चालवायचा बंद होतो, असं त्यांचं मत. त्यामुळे त्यांच्या सगळ्या बाटल्या पांढऱ्या, मुक्या. कशात काय आहे ते त्यांना एकट्यालाच कळायचं. फ्रिजचं दार मात्र कुणाचं, ते कधी ठरलंच नव्हतं.

माणूस नुसता विक्षिप्त होता असं नाही. त्याला घाईची खरोखर चीड होती. तालमीच्या फुटबॉल संघाचा मोठा सामना होता त्या दुपारी त्यांचा पुढं खेळणारा गडी बुटाचा सुटलेला तळ हातात घेऊन पळत आला. मागं सगळी तालीम. मालकांनी दोन्ही बाजूंना रबराचं सोल्यूशन लावलं आणि बूट व तळ वेगवेगळे ठेवून दिले. गर्दी ओरडायला लागली, चिकटवा की, चिकटवा की. हे म्हणाले, हाताला चिकटंनासं झालं की मग जोडायचं, आता जोडला तर आतलं थिनर आतच कोंडेल आणि तळ मैदानात सुटेल. वस्तादांनी शिव्या घातल्या. बाहेर गाडी चालू ठेवून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मालक बोटानं हलकेच चाचपत बसले, आणि वेळ झाली तेव्हाच जोडला. संघ तो सामना हरला. रात्री लोक त्यांना बोलायला आले, तेव्हा ते एवढंच म्हणाले की बूट हरलेला नाही.

मी दवाखान्यात बघायची, डॉक्टर दातावर टोपी बसवायच्या आधी कापसाचे बोळे लावतात, हवा मारून दात कोरडा करतात. एकदा मालकांना ते सांगितलं आणि म्हटलं, ओलाव्याचंच काहीतरी असणार तुमच्या बाटलीचं. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, ताई, तुम्ही दारात आलाय. पण पुढं काही सांगितलं नाही. मी चिडून दोन दिवस त्यांचे निरोप पोचवले नाहीत.

मग अक्कांच्या डोळ्याचं निघालं. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. म्हणजे ऑपरेशन करायचं ते उरलेल्या एकाच डोळ्याचं. अक्का धास्तावल्या होत्या. डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही तिघं रिक्षानं गेलो, मालक पुढं ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकत, आम्ही मागं. नातेवाईक कोण, असं डॉक्टरबाईंनी विचारलं तर मालकांनी माझ्याकडे बोट केलं. सही मालकांनी केली, प्रश्न मी विचारले. ऑपरेशन चांगलं झालं. थेंब सांगितले, त्यातली एक बाटली गारव्यात ठेवायची होती. हाताला लगेच यावी म्हणून अक्कांनी ती फ्रिजच्या दारात ठेवली. थेंब मी घालायची. पट्टी निघाल्यावर अक्का मला म्हणाल्या, तुझ्या नाकावर तीळ हाय व्हय गं, मला आजवर दिसलाच न्हाय. त्या खूश होत्या. खिडकीत बसून बोळातल्या माणसांची नावं घेत बसायच्या. मालक समोर आले की मात्र मान वळवायच्या. पाठ फिरवायला डोळा लागत नाही, असं मला एकदा वाटून गेलं.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं म्हणून मी गावी गेले. थेंबांचं शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं. मी नसताना एका दुपारी पेठेतली वीज बराच वेळ गेली. फ्रिजचा बर्फ वितळला आणि सगळं पाणी मालकांच्या खालच्या कप्प्यात उतरलं. पाणी हा त्यांच्या ग्लूचा वैरी. त्यांनी डबा काढून तांदूळ उन्हात घातले आणि जी एक फोडलेली बाटली होती, थेंबांच्या बाटलीएवढीच आणि तशीच पांढरी, ती तेवढ्यापुरती दारात ठेवली.

मी परत आले ती सकाळी. दुकान अजून उघडलं नव्हतं, बाजूच्या जिन्यानं वर चढत होते तेव्हा आतून अक्कांचा आवाज आला, "यव्वा." ओरडणं नव्हतं ते. दात आवळून काढलेला आवाज होता. आत गेले तर अक्का फ्रिजसमोर जमिनीवर बसलेल्या, उजव्या डोळ्यावर मूठ, बाटली फरशीवर आडवी. वहिनींना यायला उशीर झाला म्हणून त्यांनी स्वतःच थेंब घातला होता. डोळा पेटल्यासारखा झालाय म्हणत होत्या, आणि उघडत नाही म्हणत होत्या. मी त्यांची मूठ बाजूला केली. पापण्या गच्च मिटलेल्या आणि त्यांच्या केसांवर काहीतरी पांढुरकं, वाळलेलं. मी बाटली उचलली. तिला लेबल नव्हतं.

मालक दारात उभे होते. त्यांनी बाटली माझ्या हातात बघितली आणि त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. बाटलीत काय आहे हे मी विचारलंच नाही, वासानं कळलं होतं. तेवढ्यात वहिनी आल्या, त्यांच्या ओरडण्यानं तालमीतले वस्ताद आले, पाठोपाठ आणखी दोघं. प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं. वहिनी खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. एक जण म्हणाला पापणी ओढून उघडा, डोळा आत भाजतोय. वस्तादांना आठवलं की अशा ग्लूवर थिनर चालतं, बोटं चिकटल्यावर मालकांनीच त्यांना लावलं होतं. ते खाली धावले आणि दुकानाच्या मागच्या दारातून थिनरचा डबा घेऊन वरही आले. अक्का आता दोन्ही हातांनी डोळा चोळायला लागल्या होत्या. टाका नसलेली, आठवड्याभरापूर्वीची जखम त्या पापणीच्या आत होती.

मालक वस्तादांच्या आडवे आले. हात पसरून, दारात. उंचीनं ते वस्तादांच्या खांद्याला लागत होते. म्हणाले, बोटाला लावलं ते डोळ्याला लावायचं न्हाय, डबा खाली ठेवा. वस्ताद म्हणाले, तूच ठेवलास हे हितं, आता मधी येऊ नगंस. मालकांचं सगळं लक्ष अक्कांच्या चोळणाऱ्या हातांकडे होतं. आणि त्या अवस्थेत, बहिणीचा उरलेला डोळा डोळ्यांदेखत जात असताना, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, त्यांना सांगा, चोळू नका म्हणावं."

माझं डोकं फिरलं. पहाटेपासूनचा प्रवास, समोर ते दृश्य, आणि या माणसाला अजून निरोप्या लागत होता. मी म्हटलं, "मी न्हाय सांगणार. तुमची बहीण हाय. तुम्ही सांगा."

त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. परत उघडलं. वस्ताद डबा हातात घेऊन तसेच थांबले होते. मग मालक गुडघ्यांवर बसले, अक्कांच्या समोर, आणि म्हणाले, "अक्का, हात खाली घे. मी हाय."

अक्कांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांनी तो आवाज इतकी वर्षं ऐकला होता, पण आपल्याकडे वळलेला नाही. मालकांनी हलकेच दोन्ही मनगटं धरली आणि खाली मांडीवर ठेवली. ओढून उघडायचं नाही, तेल नाही, काही नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. मला कोमट पाणी करायला सांगितलं. ते पाणी आम्ही हळूहळू पापणीवरून सोडलं, ओली घडी डोळ्यावर ठेवली आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला हाक मारली.

या वेळी मालक मागं बसले, अक्कांच्या शेजारी, त्यांचे हात धरून. मी दुसऱ्या बाजूला. डोळ्यात कळ आली की अक्कांचे हात वर यायला बघायचे आणि मालक ते खाली दाबून धरायचे. बिंदू चौकाकडे शाळांच्या गाड्यांची गर्दी होती, रिक्षा अडकली. हॉर्न, धूर, ऊन. अक्का थरथरायला लागल्या. त्यांना कशात तरी गुंतवून ठेवायला हवं होतं हे मालकांना कळत होतं, पण इतक्या वर्षांनी बोलायचं काय? त्यांनी जे येत होतं ते बोलायला सुरुवात केली.

"अक्का, ग्लू बाटलीत का चिकटत न्हाय ठावं हाय? आत पाणी नसतंय म्हणून. हवेत असतंय तेवढं थेंबभर पाणी बी त्याला आत मिळत न्हाय, म्हणून नुसता पडून ऱ्हातोय. भाईर आला, पाणी लागलं, की धरला. सुताराचा पांढरा डिंक उलटा. त्यातलं पाणी निघून गेलं की तो धरतोय, आन बाटलीतनं जाणार कुठं? म्हणून त्यो बी ओलाच. तुझ्या डोळ्यात पाणी हाय ना, म्हणून ह्यानं तिथं एवढं गच्च धरलं."

पुढून रिक्षावाला मान न वळवता म्हणाला, म्हणजे झाकण हाय म्हणूनच की. मालक त्याला म्हणाले, व्हय बाबा, तुझंच बरोबर, तू गाडी हाण. मग परत अक्कांकडे वळले. "पर घाबरू नगंस. थेंबभर पाण्यानं ह्यो धरतोय खरा, पर बुबुळावर पाणी सारखं वाहत असतंय, तिथं ह्याला नीट धरता येत न्हाय. पापणीला धरलंय त्येनं. आन त्या पाण्यानंच सुटंल. रडू आलं तर रड. आवरू नगंस."

अक्का रडल्या नाहीत. एक शब्दही बोलल्या नाहीत.

डॉक्टरबाईंनी आम्हाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी सांगितलं की ओढलं नाही ते फार चांगलं झालं. पापण्यांचे केस कापलेत, निघालं तेवढं काढलंय, पण पापण्या पूर्ण सुटल्या नाहीत. जबरदस्तीनं उघडल्या तर ऑपरेशनच्या जखमेला धक्का बसेल. मलम भरून पट्टी बांधलीय. उद्या सकाळी त्या आपोआप सुटतील असं वाटतंय, आत काय झालंय ते तेव्हाच कळेल. मी विचारलं, दिसेल ना. त्या म्हणाल्या, उद्या बघू.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. अक्का कॉटवर पडून होत्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच गेलेला, म्हणजे त्यांच्यापुढं पूर्ण अंधार होता. मालक कॉटशेजारी बसून होते. झोपेत हात वर गेला तर धरायला म्हणून. ते अधूनमधून बोलायचे. पाणी देऊ का. पंखा कमी करू का. अक्का, भात खाशील का. उत्तर नाही. अक्का मला म्हणायच्या, पोरी, पाणी दे. पूर्वी मालक बोलत नव्हते, आता ते बोलत होते आणि अक्का गप्प होत्या. मला हे आधीपेक्षा सोसवेना. वहिनी चहा घेऊन आल्या आणि मालकांकडे न बघता परत गेल्या. खाली बोळात लोक काय बोलतात ते वरपर्यंत येत होतं. कुणीतरी म्हणत होतं की बरणीचा राग डोळ्यावर काढला.

मालकांनी ते ऐकलं. मग माझ्याशी बोलावं तसं, पण आवाज अक्कांना ऐकू जाईल असा ठेवून म्हणाले, "दारात बाटली ठेवली तवा त्या हितंच बसलेल्या. मागं वळून एक वाक्य बोलायचं होतं. ताई उद्या येतील, त्यांच्याकडनं सांगू, म्हणून तोंडातच ठेवलं." आणि त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात धरला आणि लहान पोरासारखे रडले. अक्कांनी कूस बदलली. भिंतीकडे तोंड केलं.

मला वाटलं, संपलं. डोळा गेला तर ही बाई याच्याशी मरेपर्यंत बोलणार नाही, आणि हा माणूस खाली दुकानात त्या बरणीकडे बघत बसेल.

सकाळी परत तोच रिक्षावाला. दवाखान्याच्या खोलीत डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली, कापूस ओला करून पापणीवर ठेवला, काढला, परत ठेवला. कात्रीनं काहीतरी हळूच कापलं. मालक समोरच्या भिंतीला टेकून उभे होते, कारण त्यांना बसवत नव्हतं. मी अक्कांचा हात धरला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता सावकाश उघडा.

पापणी आधी थरथरली. मग थोडी फाकली, मग थांबली, मग उघडली. डोळा लालभडक होता. डॉक्टरबाईंनी दिवा धरून आत बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, बुबुळावर बारीक ओरखडा आहे, भरेल. जखम जागच्या जागी आहे. मग दिवा बाजूला करून अक्कांना विचारलं, समोर काय दिसतंय.

समोर मालक होते. ऑपरेशन झाल्यापासून अक्कांनी मला बघितलं होतं, माझ्या नाकावरचा तीळ बघितला होता, बोळातलं प्रत्येक माणूस बघितलं होतं. फक्त मालकांकडे बघितलं नव्हतं. भांडण तर मोतीबिंदूच्याही आधीचं, म्हणजे कित्येक वर्षांत त्यांना नीट बघितलंच नव्हतं. आता मान वळवली नाही. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते पुसूही दिलं नाही. नुसत्या बघत राहिल्या, त्यांचे पांढरे केस, खाली आलेले खांदे, दाढीचे खुंट, कालपासूनचा तोच शर्ट.

"केवढा म्हातारा झालास की रं तू," अक्का म्हणाल्या.

मालक सवयीनं माझ्याकडे वळले. म्हणाले, "ताई, तिला सांगा," आणि तिथंच थांबले.

मी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघायला लागले आणि बघतच राहिले. मग मागून मालकांचा आवाज आला, अगदी बारीक.

"तू बी की, अक्का."